दोन्ही घरचा पाहुणा: फ्रॅटर्निटी-सोरोरिटी ऑफिसातली माझी आठ वर्षं

मक्याचं_रान | ४ ऑगस्ट, रात्री ११:२०

परवा मंडळाच्या पिकनिकला एका काकूंनी विचारलं, "तू युनिव्हर्सिटीत काय शिकवतेस गं?" म्हटलं, शिकवत नाही, फ्रॅटर्निटी-सोरोरिटींचं, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या आणि मुलींच्या सदस्य-मंडळांचं, ऑफिस बघते. शेजारच्या काकांनी लगेच मान वळवली. "म्हणजे ती पिऊन धिंगाणा घालणारी पोरं?" हो काका, तीच. रक्तदान शिबिरं भरवतात तीही तीच आणि पहाटे दोनला मला फोन करतात तीही तीच.

भेळेच्या रांगेत काकांना जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते. अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठात मी हे काम आठ वर्षं करतेय. नाव विचारू नका. चहूकडे मका आणि मध्ये पाण्याची टाकी, एवढ्यावर ओळखा :)

आधी कुळकथा, भरभर. १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा काप्पा निघाली. ग्रीक अक्षरं, गुप्त खुणा, बोधवाक्य हे सगळं तिथपासूनचं. ती पुढे हुशार विद्यार्थ्यांची मानाची संस्था झाली. आज ज्याला फ्रॅट म्हणतात तो वंश वाढला १८२५ नंतर, न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजातून. मुलींना घेत नव्हते, म्हणून मुलींनी आपल्या वेगळ्या काढल्या. त्यांनाही आधी फ्रॅटर्निटीच म्हणत. 'सोरोरिटी' हा शब्द १८८२ चा, सिरॅक्यूजच्या गॅमा फाय बीटासाठी लॅटिनच्या एका प्राध्यापकाने सुचवलेला. कॅम्पसवर वाळीत पडल्यासारख्या राहणाऱ्या काळ्या मुलांनी १९०६ मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा काढली, मुलींनी १९०८ मध्ये हॉवर्डला अल्फा काप्पा अल्फा. कमला हॅरिस या दुसरीच्या. आणि आपली देसी पोरं? १९९४ मध्ये बिंगहॅम्टनला आयोटा न्यू डेल्टा, १९९८ मध्ये ह्यूस्टनला देसी मुलींची डेल्टा फाय ओमेगा. ज्याला दारातून परत पाठवलं त्याने शेजारी स्वतःचं घर बांधलं, अशी ही सगळी आळी.

हे सांगितलं कारण माझ्या ऑफिसातल्या चार कौन्सिलांची वाटणी यातूनच आली आहे. मुलांच्या जुन्या फ्रॅट्सची एक, मुलींच्या जुन्या सोरोरिटींची पॅनहेलेनिक, काळ्यांच्या नऊ संस्थांची एक आणि लॅटिनो, आशियाई, देसी अशा सगळ्यांची मिळून एक. चौघींचे नियम वेगळे, भाषा वेगळी, रुसवेफुगवे वेगळे. नवे सदस्य घेण्याला एकीकडे 'रिक्रूटमेंट' म्हणतात, दुसरीकडे 'इंटेक'. चुकून एकीचा शब्द दुसरीला वापरला की ईमेल आलाच.

आता खरी गंमत. चॅप्टर म्हणजे आमच्या कॅम्पसवरची शाखा. तिची सनद राष्ट्रीय मुख्यालयाची, ते तीन राज्यं पलीकडे. ती राहते ते घर बहुतेक वेळा माजी विद्यार्थ्यांच्या कंपनीच्या मालकीचं. विम्याच्या अटी मुख्यालयाच्या. विद्यापीठाच्या हातात एकच गोष्ट: मान्यता. आणि या सगळ्यांच्या मध्ये मी. त्या घरात मला परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, पण तिथे काही झालं की डीनचा पहिला प्रश्न मला, "तुला माहीत नव्हतं?" पोरांच्या लेखी मी विद्यापीठाची हेर, विद्यापीठाच्या लेखी पोरांची वकील. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तोच तो पाहुणा.

सध्या पुन्हा तो सीझन आलाय. पॅनहेलेनिक रिक्रूटमेंट म्हणजे साताठ दिवसांचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त एका बाजूला शेकडो मुली आणि दुसऱ्या बाजूला दहाबारा सोरोरिटींची घरं. पहिल्या फेरीत प्रत्येक मुलगी प्रत्येक घरी. मग दोन्हीकडून पसंतीक्रम लागतात आणि फेरीगणिक घरं कमी होत जातात. शेवटच्या रात्री दोनच घरं, मेणबत्त्या, हळू आवाजात बोलणं, रडारड. त्या रात्री मुलगी एका कागदावर सही करते. दुसऱ्या दिवशी दुपारी बिड डे, म्हणजे आमंत्रणांचा दिवस: लिफाफे फुटतात, किंकाळ्या, पळापळ, टीशर्टं. टिकटॉकवर दिसतं ते हे.

टिकटॉकवर दिसत नाही ती त्याच दिवसाची सकाळ. काही मुलींना कुठलंच घर मिळालेलं नसतं. हे त्यांना मैदानावर सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने कळू नये म्हणून आम्ही लिफाफे वाटण्याआधी एकेकीला फोन करतो. यादी माझ्याकडे. साडेसातला सुरू, साडेनऊला संपवायचं. मी आणि माझी ग्रॅड असिस्टंट (मास्टर्स करणारी मदतनीस), दोन बंद खोल्या, दोन फोन. पहिल्या वर्षी मी कागदावर वाक्यं लिहून घेतली होती. तिसऱ्याच मुलीने विचारलं, "मी काय चुकीचं बोलले तेवढं सांगा." याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. खरं उत्तर बहुतेकदा 'काहीच नाही' हेच असतं, पण ते अठरा वर्षांच्या पोरीला सकाळी आठला पटत नाही. आता मी कागद घेत नाही. विचारते, खोलीत कोणी आहे का तुझ्याबरोबर, खाल्लंस का. काहीजणी लगेच फोन ठेवतात. काही वीस मिनिटं नुसत्या रडतात, मी ऐकते.

बाकीचं प्रतिसादांत. विचारा.

---

सदाशिव_पेठी | ५ ऑगस्ट, सकाळी १०:०५ (भाप्रवे, भारतीय प्रमाण वेळ)

लेख छान, ओघवता. पण मूळ प्रश्नाला, म्हणजे नव्या मुलांच्या छळाला (तुमचं ते हेझिंग), बगल दिलीत. आमच्याकडे याला रॅगिंग म्हणतात आणि तो गुन्हा आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा. हिमाचलातल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मृत्यूनंतर २००९ मध्ये यूजीसीचे देशभराचे नियम आले. दरवर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतात. तुमच्याकडे दरवर्षी पोरं मरतात आणि तुम्ही 'को-ऑर्डिनेट' करता. बंद का करत नाहीत? कांदेपोह्यांची उपमा मात्र चपखल, तीही प्रथा बंद व्हायला हवी.

---

एडिसनचा_बापूस | ५ ऑगस्ट, सकाळी ७:५०

इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज लॉगिन करायला पासवर्ड बदलावा लागला. ताई, माझी लेक याच महिन्यात दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत चालली आहे. काल जेवताना म्हणाली, "बाबा, मी रश करणार." मला आधी वाटलं गर्दीबद्दल बोलतेय. बायकोने समजावलं, रश म्हणजे सोरोरिटीत शिरायचं तुमचं ते रिक्रूटमेंट. तेव्हापासून घरात दोन पक्ष. पैसे किती जातील, काय बघायचं, कुणाला काय विचारायचं, जरा सांगा. आणि नाही म्हणावं का, तेही सांगा.

---

मक्याचं_रान | ५ ऑगस्ट, रात्री १०:४५

@सदाशिव_पेठी, बगल नव्हती, लेख लांबत होता. तुमचा राग रास्त आहे.

बंद करून पाहिलंय. विल्यम्स कॉलेजने १९६२ मध्ये गाशा गुंडाळायला लावला, अ‍ॅम्हर्स्टने १९८४ मध्ये. छोटं खाजगी कॉलेज, सगळी मुलं कॅम्पसवरच राहणार, तिथे जमतं. मोठ्या सरकारी विद्यापीठाला जमत नाही. एकतर संघटना करण्याचं स्वातंत्र्य घटनेने दिलेलं. दुसरं, घर त्यांचं, रस्त्याच्या पलीकडे. कोलोरॅडोत बोल्डरला २००४ मध्ये एक नवा मुलगा दारूने गेला. विद्यापीठाने कडक करार पुढे केला, फ्रॅट्सनी २००५ मध्ये सही नाकारली आणि चालत्या झाल्या. तेव्हापासून त्या विद्यापीठाबाहेर आहेत, पण त्याच टेकडीवर, त्याच घरांत. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसला यूएससीमध्येही काही फ्रॅट्सनी तेच केलं. मान्यता काढली की पोरं जात नाहीत, माझा फोन नंबर तेवढा त्यांच्या भिंतीवरून जातो. मला भीती त्याची वाटते.

आणि कायदे इकडेही आहेत. पेन स्टेटचं प्रकरण वाचलं असेल. फेब्रुवारी २०१७, बीटा थीटा पायचं घर. कागदावर त्या घरात दारूबंदी. नव्या मुलांना स्वीकारण्याची रात्र. एकोणीस वर्षांच्या मुलाला ८२ मिनिटांत किमान १८ पेयं दिली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. मग पोरांनी काय केलं? उचलून सोफ्यावर ठेवलं आणि पाठीला पुस्तकांची सॅक बांधली, उलटी झाली तर कूस बदलून गुदमरू नये म्हणून. म्हणजे धोका कळत होता! ९११ ला (आणीबाणीच्या नंबरला) फोन केला जवळजवळ बारा तासांनी. घरात कॅमेरे होते, म्हणून हे सगळं जगाला दिसलं.

त्यातून पुढच्या वर्षी पेनसिल्वेनियाचा कायदा आला, २०२१ च्या एका मृत्यूनंतर ओहायोचा, आणि डिसेंबर २०२४ मध्ये देशाचा: स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट. आता विद्यापीठाला हेझिंगचे आकडे वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावे लागतात. शिवाय दोषी ठरलेल्या संस्थांची नावं, काय केलं, कधी केलं, शिक्षा काय, हे वेबसाइटवर लावावं लागतं. पहिली यादी २३ डिसेंबर २०२५ पर्यंत लावायची होती.

तशी सॅक मी दर ट्रेनिंगला घेऊन जाते. खरी सॅक, पुस्तकं भरलेली. टेबलावर आपटते आणि विचारते, ही बांधायला किती वेळ लागतो? फोन लावायला किती? पहिल्या रांगेतली पोरं खाली बघतात. शेवटची रांग फोनमध्ये असते, तिच्यासाठी मी पुन्हा आपटते.

@एडिसनचा_बापूस, नाही म्हणू नका. नाही म्हटलेल्या मुलीही रश करतात, घरी न सांगता. मग अडचणीत आल्या तरी घरी सांगता येत नाही. तेवढं महाग दुसरं काही नाही.

पैशांचं: रिक्रूटमेंटची फी वेगळी. आत गेल्यावर पहिलं सेमिस्टर हमखास जड जातं, कारण बॅज, दीक्षेची फी, राष्ट्रीय फी सगळं तिथेच येतं. टीशर्टांचं कोणी सांगत नाही, ते अखंड चालू असतं. घरात राहायला जायची सक्ती कितव्या वर्षी, न गेल्यास दंड किती, हे विचारायचं. बापाला अवघड वाटेल पण लेकीनेच विचारायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच. चॅप्टरला आकडे सांगावेच लागतात. 'ते नंतर बघू' म्हणणाऱ्या घराला तिनेही नंतर बघू म्हणावं.

शेवटच्या रात्रीचा कागद नीट वाचायला सांगा. त्यावर ज्या घरांची नावं ती लिहील त्यांपैकी कुठलंही मिळालं तर ते तिला बांधील असतं. नको म्हणाली तर त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या रिक्रूटमेंटपर्यंत पॅनहेलेनिकच्या दुसऱ्या घरी जाता येत नाही. मन नसेल ते नाव लिहायचं नाही, एकच लिहिलं तरी चालतं. मात्र मग काहीच न मिळण्याची तयारी ठेवायची.

आणि विद्यापीठाची ती हेझिंगची यादी दोघांनी मिळून उघडा. शाखेचं नाव यादीत नसेल तर हुरळून जाऊ नका, असेल तर मात्र थांबा.

---

तिरकस | ६ ऑगस्ट, दुपारी १:३० (भाप्रवे)

सगळं वाचून वाटलं, हे तर आमचं ढोलपथक. जूनपासून नदीपात्रात सराव, नव्याला आधी टोल धरायला शिकवणार, ढोल नंतर. आधी सीनियरांसाठी वडापाव आणणार. मिरवणुकीच्या दिवशी पांढरा झब्बा आणि 'आपलं पथक'. कॉर्पोरेशन, पोलीस आणि मंडळ यांच्यामध्ये एक बिचारा समन्वयक असतोच, सगळ्यांच्या शिव्या खाणारा. फक्त आमच्यात कुणी ग्रीक शिकलेलं नाही. हलकं घ्या.

---

सदाशिव_पेठी | ६ ऑगस्ट, दुपारी २:१० (भाप्रवे)

@तिरकस, वडापाव आणायला लावणं आणि ८२ मिनिटांत १८ पेले यांत फरक आहे.

---

अर्धाकच्चा_देसी | ६ ऑगस्ट, पहाटे ५:१५

नमस्कार. मी आठ वर्षांचा असताना इथे आलो, माझं मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

मला वाटतं तो फरक एका रात्रीत होत नाही. मी कॉलेजात एका देसी फ्रॅटमध्ये होतो. कुठली ते सांगणार नाही. पहिल्या आठवड्यात आम्हाला खरोखरच समोसे आणायला लावायचे. मग गाडीतून सोडायला बोलवायचे, रात्री तीनला. मग संस्थेचा इतिहास पाठ करायचा, चुकलं की पुशअप्स. मग एका गॅरेजमध्ये. आठ आठवड्यांत प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच मोठी होती, त्यामुळे 'आता बास' कुठे म्हणायचं ते कळलंच नाही. आणि आईला सांगितलं, "आई, हे आपले लोक आहेत, दिवाळी करतात." आई खूश. तिने डब्यात लाडू दिले त्यांच्यासाठी.

माझ्या हाताला फ्रॅक्चर झालं. घरी बास्केटबॉल सांगितलं. आज मी चाळीशीत आहे, आईला अजूनही बास्केटबॉलच माहीत आहे.

पुढच्या वर्षी मी गॅरेजमध्ये दुसऱ्या बाजूला उभा होतो. हे लिहायला जास्त अवघड गेलं.

---

चकलीचा_काटा | ६ ऑगस्ट, सकाळी ९:००

@अर्धाकच्चा_देसी, मराठी उत्तम आहे तुमचं. लिहिल्याबद्दल धन्यवाद.

---

मक्याचं_रान | ६ ऑगस्ट, रात्री ११:५०

@अर्धाकच्चा_देसी, दोनदा वाचलं. लाडवांच्या डब्याशी अडकले.

तुमच्या परवानगीने एक जोडते, कारण आपल्या पालकांचा समज असतो की दारू पिणारे ते गोरे, आपली पोरं फार तर भांगडा करतात. डिसेंबर २०१३, न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा एक पहिल्या वर्षाचा मुलगा, पाय डेल्टा साय ही आशियाई-अमेरिकन फ्रॅट. पेनसिल्वेनियात पोकोनोजच्या डोंगरात भाड्याचं घर. डोळ्यांना पट्टी, पाठीवर वाळूने भरलेली जड पिशवी, गोठलेल्या अंगणातून चालायचं आणि बाकीच्यांनी धडका मारून पाडायचं. दारूचा प्रश्नच नव्हता. तो बेशुद्ध पडल्यावर पोरांनी त्याची लक्षणं गूगलवर शोधली आणि मग बऱ्याच उशिरा स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. पुढे कोर्टाने केवळ मुलांनाच नाही तर त्या राष्ट्रीय संस्थेलाही दोषी धरलं. दहा वर्षं पेनसिल्वेनियात बंदी आणि एक लाख डॉलरच्या वर दंड.

त्या विधीला अर्थ होता म्हणे: आशियाई माणसाला या देशात किती अडथळे येतात ते अनुभवायचं. कळलं ना मला रात्री झोप का लागत नाही? दारू असली तर निदान दारूशी भांडता येतं. 'आपल्या समाजाचं दुःख' म्हणून कोणी मारत असेल तर मार खाणाऱ्याला तो मार वाटतच नाही.

तुम्ही म्हणता तसं, पायऱ्या लहान असतात. म्हणून मी ट्रेनिंगमध्ये 'हेझिंग करू नका' म्हणणं सोडलंय. सगळे माना डोलावतात, कारण हेझिंग म्हणजे ते भयंकर काहीतरी, आपण करतो ती 'परंपरा'. त्याऐवजी प्रत्येक चॅप्टरच्या नव्या मुलांच्या शिक्षणप्रमुखाला बसवून आठ आठवड्यांचं वेळापत्रक लिहून मागते. कुठला दिवस, किती वाजता, कुठे, कोण हजर. 'गुरुवार, रात्री १०, ब्रदरहुड अ‍ॅक्टिव्हिटी' असं आलं की मी पेन खाली ठेवते. "म्हणजे काय?" "बाँडिंग." "बाँडिंग म्हणजे काय?" असं तीनदा. चौथ्यांदा एकतर खरं बाहेर येतं, नाहीतर तो गुरुवार रद्द होतो. दोन्ही चालतं. मुलं मला कंटाळवाणी बाई म्हणतात, तेही चालतं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर इथे नुसतं सुतक होईल. गेल्या वसंतात आमच्या देसी सोरोरिटीचा नव्या मुलींना समोर आणण्याचा कार्यक्रम होता. ही पद्धत मुळात काळ्या संस्थांची, तिथून बाकीच्यांनी उचलली. मुली एका रांगेत, चेहऱ्यावर मुखवटे, एका सुरात संस्थेचा इतिहास घडाघडा म्हणतात आणि एकेक मुखवटा निघतो. सभागृहात पहिल्याच रांगेत नऊवारीतल्या एक आजी, नातीच्या कौतुकाला नागपूरहून आलेल्या. मला हळूच म्हणतात, "अहो, ही तोंड झाकून का उभी? काही केलंय का हिने?" मी सांगितलं, आत्ता काढेल. मुखवटा निघाला, नात ओरडत होती, आजींनी सभागृहात सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोटं मोडून दृष्ट काढली. एका अल्फा काप्पा अल्फाच्या पोरीने मला विचारलं, ही तुमच्या संस्थेची खूण आहे का? मी म्हटलं, हो, फार जुनी संस्था आहे.

---

अबोली_नागपूर | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२० (भाप्रवे)

आजी किस्सा _/\_ आमच्याच असणार, खात्री आहे!

ताई, मी मानसशास्त्रात बीए केलंय, दोन वर्षं कॉलेजच्या हॉस्टेलवर असिस्टंट रेक्टर आहे. इथे मुलींचं रडणं, पालकांचे फोन, मेसचं भांडण, रात्रीचं गेट, सगळं मीच. तुमचं वाचून वाटलं, हे तर मी करतेच, फक्त याला करिअर म्हणतात हे माहीत नव्हतं. तुम्ही कसं शिरलात यात? आणि फॉरेनरला घेतात का? तुम्ही स्वतः कधी सोरोरिटीत होता?

---

मक्याचं_रान | ७ ऑगस्ट, रात्री १०:३०

@अबोली, असिस्टंट रेक्टर म्हणजे पंचाऐंशी टक्के हेच काम.

मी कधीच सोरोरिटीत नव्हते. पुण्यात बीकॉम, गॅदरिंगची कल्चरल सेक्रेटरी, तेवढंच भांडवल. इथे 'हायर एज्युकेशन अँड स्टुडंट अफेअर्स' असं मास्टर्स असतं. इंडियाना, बोलिंग ग्रीन या नावाजलेल्या जागा. त्याबरोबर ग्रॅज्युएट असिस्टंटशिप मिळते, आठवड्याला वीस तास काम आणि बऱ्याच ठिकाणी फी माफ किंवा कमी. मला हॉस्टेलची जागा हवी होती, मिळाली या ऑफिसात. मुलाखतीत विचारलं, "तुला ग्रीक लाइफबद्दल काय माहीत आहे?" (ग्रीक अक्षरांमुळे फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या जगाला असं म्हणतात.) मी प्रामाणिकपणे सॉक्रेटिसवर सुरू झाले. पाच मिनिटं कुणी थांबवलं नाही. नंतर बॉस म्हणाली, कुठल्याच घराची नसलेली बाई मला हवीच होती.

तो फायदा खरा आहे. माझ्या सहकाऱ्यांवर कायम 'ही तिच्याच सोरोरिटीला झुकतं माप देते' असा आरोप, माझ्यावर नाही. तोटा असा की काही विधींना मला दाराबाहेर बसावं लागतं, कारण दीक्षा नाही. चांगलं असतं, तेवढ्यात माझं वाचन होतं.

फॉरेनरचं रोखठोक: हे स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत) धरत नाहीत, त्यामुळे पदवीनंतर कामाची मुभा बारा महिनेच, पुढची दोन वर्षं नाहीत. विद्यापीठांना एच-वन-बी या कामाच्या व्हिसासाठी लॉटरीतून जावं लागत नाही, ही जमेची बाजू. पण को-ऑर्डिनेटरच्या पदाला स्पॉन्सर करणारं विद्यापीठ शोधावं लागतं आणि बरीच पहिल्याच ईमेलला नाही म्हणतात. मी चौतीस अर्ज केले होते. नियम बदलत राहतात, आजचे आज तपास.

आणि या कामात माणसं टिकत नाहीत. माझ्याबरोबर सुरू झालेल्यांपैकी दोघीच उरलो आहोत. शनिवार-रविवार नाही, रात्र नाही. पगार हॉस्टेलवाल्यांइतकाच, फक्त त्यांना घर मिळतं. फोन वर्षभर उशाशी. नवरा म्हणतो, लग्न तुझ्याशी केलं आणि घरात दोन हजार पोरं आली.

---

कायदेकानू | ८ ऑगस्ट, सकाळी ९:४०

अवांतर, पण कुणीतरी विचारणार म्हणून: फक्त मुलं किंवा फक्त मुली घेणं इकडे चालतं कसं? १९७२ च्या टायटल नाइन या कायद्याने शिक्षणसंस्थांतला लिंगभेद बंद झाला, पण १९७४ मध्ये दुरुस्ती करून सामाजिक फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या सदस्यत्वाला त्यातून वगळलं. हार्वर्डने २०१६ मध्ये अशा क्लबांच्या सदस्यांना शिक्षेची तरतूद केली होती, ती २०२० मध्ये मागे घ्यावी लागली.

---

सदाशिव_पेठी | ८ ऑगस्ट, रात्री ९:१५ (भाप्रवे)

धाग्यामुळे माहितीत भर पडली, हे मान्य. 'बंद करा' या मतावर मी ठाम आहे. पण रद्द झालेला गुरुवार हा प्रकार आमच्या प्रतिज्ञापत्रांपेक्षा कामाचा वाटतो, हेही नोंदवतो. प्रतिज्ञापत्र आमच्या नातवाने भरलं, सही मी केली, वाचलं दोघांनीही नाही.

---

तिरकस | ८ ऑगस्ट, रात्री ९:२२ (भाप्रवे)

तारीख लिहून ठेवा, पेठ अर्धी झुकली.

---

एडिसनचा_बापूस | २३ ऑगस्ट, सकाळी ९:४०

ताई, धागा वर काढतोय. आज बिड डे आहे.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. यादी दोघांनी बसून वाचली. एका घराचं नाव त्यात होतं, ते तिचं सगळ्यात आवडतं निघालं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग तिने स्वतः त्याच घरच्या मुलींना विचारलं, म्हणे, "तेव्हा काय झालं होतं आणि आता काय बदललं?" एकीने सरळ सगळं सांगितलं, दुसरी म्हणाली हा विषय इथे काढत नाहीत. काल रात्री तिने ते नाव लिहिलं नाही. दुसरं एकच लिहिलं. एकच! बायको म्हणते तू तिला फार शिकवलंस.

तुमचं ते सकाळच्या फोनचं डोक्यात बसलंय. इथे पावणेदहा होत आले. तिला तसा फोन आला असता तर तिने मला केला असता. केलेला नाही. म्हणजे चांगलं ना?

---

मक्याचं_रान | २३ ऑगस्ट, सकाळी ९:५२

तिचं कॉलेज सेंट्रल टाइममध्ये ना, तुमच्या एक तास मागे? मग तिथे आत्ता नऊही वाजलेले नाहीत. अजून तासभर थांबा. चहा घ्या. तिला फोन करू नका.

---

एडिसनचा_बापूस | २३ ऑगस्ट, सकाळी १०:३१

चहा दोनदा झाला.

---

एडिसनचा_बापूस | २३ ऑगस्ट, सकाळी ११:०४

अकरा वाजून गेले. नाही आला.